खेळ रंगवा, निकाल रंगवू नका

(यवतमाळ जिल्ह्यातल्या तरुणांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावांनो, बहिणींनो, मला करिअरवर बोलायला बोलावलं होतं. इंजिनिअरिंग कसं करावं, पुण्यात नोकरी कशी मिळवावी, वगैरे. पण काल संध्याकाळी एसटीतून उतरलो तर स्टँडवरच चार पोरांनी घेरलं. म्हणाले, भाईजान, जानेवारीत टूर्नामेंट घ्यायची आहे, आमचं भांडण चालू आहे. अर्ध्या पोरांचं म्हणणं, पब्लिक येईल असंच करायचं. अर्ध्यांचं म्हणणं, जो चांगला खेळेल तोच पुढे जाईल, पब्लिक येवो न येवो. तुम्ही सांगा, कोण बरोबर?

रात्रभर विचार केला आणि ठरवलं की करिअर पुढच्या वेळी. आज याच भांडणावर बोलतो. कारण या विषयात मी स्वतः एक चूक केलेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय तुम्हाला काही शिकवायचा मला हक्क नाही.

मी याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. गावाचं नाव घेत नाही. चूक आमच्या पाच जणांच्या समितीची होती, गावाला कशाला बदनाम करायचं? टेनिस बॉलची रात्रीची टूर्नामेंट. सोळा टीम, आठ षटकांची मॅच, पहिलं बक्षीस ५१ हजार. इशाची नमाज झाली की सामने सुरू. मी सुट्टी काढून गावी आलो होतो आणि माझ्याकडे काम होतं यूट्यूब लाइव्हचं. दोन मोबाइल, एक लॅपटॉप, स्क्रीनवर धावफलक. सॉफ्टवेअरवाला गावी आला की त्याला हेच काम मिळतं. माझी काही तक्रार नाही.

एका टीममध्ये बाहेरून आणलेला एक बॅट्समन होता. त्याच्या सिक्सच्या रील्स जिल्हाभर फिरायच्या. तो बॅटिंगला आला की लाइव्हवर अकराशे माणसं, मैदानात पाय ठेवायला जागा नाही. क्वार्टर फायनलला या टीमची गाठ पडली एका खेड्यातल्या टीमशी. ती पोरं छोटा हत्ती भाड्याने घेऊन आली होती. दिवसा कुणी कापूस वेचणारा, कुणी सेंट्रिंगच्या कामावर. टी-शर्ट सारखे नव्हते, पण बॉलिंग अशी टाइट की विचारू नका. तीन धावांनी जिंकले.

मॅच संपली आणि माझ्या स्क्रीनवरचा आकडा अकराशेवरून तीनशेवर आला. मंडपामागे चहा पिता पिता समिती बसली. एक जण म्हणाला, ही टीम गेली तर उद्या खुर्च्या रिकाम्या राहतील. दुसरा म्हणाला, बक्षीस देणारे शेठ नाराज होतील. मी काय केलं? खिशातून मोबाइल काढला आणि तो तीनशेचा आकडा सगळ्यांना दाखवला. आकडा समोर आल्यावर कुणाचं काही चाललं नाही. ठरलं, हरलेल्या टीमपैकी ज्या टीमच्या धावा सर्वात जास्त, तिला 'वाइल्ड कार्ड' द्यायचं. म्हणजे कुणाला, ते तुम्हाला कळलंच. पण सेमी फायनलच्या चारही जागा भरलेल्या होत्या. मग त्या खेड्याच्या टीमलाच सांगितलं की तुम्हाला आणखी एक मॅच खेळावी लागेल. रात्री अकरा वाजता. त्याच टीमविरुद्ध.

हरली बिचारी.

दुसऱ्या दिवशी फायनल जोरात झाली. लाइव्हवर एकोणीसशे माणसं. शेठ खूश. सगळे म्हणाले, काय नियोजन! मी सामान आवरत होतो तेव्हा आदल्या रात्रीचा तो कॅप्टन आला. त्यांचा एक हेल्मेट राहिला होता, तो न्यायला. मला वाटलं, हा भांडणार. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, नियम पयले सांगाचा होता ना. आमी कबूल केला असता."

हेल्मेट घेतला आणि गेला.

गेली दोन वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आज जे बोलणार आहे ते त्या एका वाक्यावरच बोलणार आहे.

आता आधी दुसऱ्या बाजूचं ऐकू. करमणूक म्हणजे खेळाची दुश्मन, असं जर कुणी म्हणत असेल तर मी त्याच्याबरोबर नाही. आपल्या मातीतल्या कबड्डीकडे बघा. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. म्हणजे आपल्या विदर्भाने हा खेळ जगाला नव्वद वर्षांपूर्वी दाखवला. पण टीव्हीवर संध्याकाळी घरातली आई, आजी, पोरं एकत्र बसून कबड्डी बघतात, हे कधी झालं? २०१४ ला प्रो कबड्डी आली तेव्हा.

त्यांनी काय केलं? दिवे लावले, संगीत लावलं, कपडे रंगीत केले, हे तर केलंच. पण खेळातही बदल केले. पूर्वी आघाडीवर असलेली टीम काय करायची, आठवा. चढाईला जायचं, मध्यरेषेच्या आसपास फिरायचं, परत यायचं. वेळ काढायचा. प्रेक्षक जांभया देणार. मग नियम आला, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. गुण आणा, नाहीतर बाद व्हा. चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लागलं. तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड केली तर एक गुण जादा, ती 'सुपर टॅकल'.

हे बदल करमणुकीसाठी होते, यात शंका नाही. पण यात गुणवत्तेचं काही नुकसान झालं का? उलट झालं. वेळ काढणाऱ्याला आता लपता येत नाही. ज्याच्या अंगात हिंमत आहे, तो दिसतो. आणि पैसा आला. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई, २०१९ च्या लिलावात त्याला १ कोटी ४५ लाख मिळाले. आपल्या पोरांना तर इराणचा फझल अत्राचलीसुद्धा घरच्यासारखा वाटतो. २०१८ ला त्याच्यावर १ कोटीची बोली लागली. इराणचा माणूस मुंबईच्या टीमचा कॅप्टन होतो आणि यवतमाळचं पोरगं त्याच्यासाठी टाळ्या वाजवतं, हे करमणुकीनेच घडवलं. तेव्हा जे म्हणतात की पब्लिक महत्त्वाचं, त्यांचं म्हणणं मी खाली पाडणार नाही. खेळ बघायला कुणी आलंच नाही तर खेळणाऱ्याचं पोट भरत नाही.

मग माझी चूक नेमकी कुठे झाली? वाइल्ड कार्ड हा नियम वाईट आहे का? तसा नाही. अनेक स्पर्धांत हरलेल्याला दुसरी संधी असते. चूक ही की तो नियम आम्ही क्वार्टर फायनल झाल्यावर केला, आणि कुणाला आत घ्यायचं ते आधी ठरवून मग त्याच्या मापाचा नियम शिवला.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक शिस्त असते. बदल करायचा तर आधी लिहायचा, तपासायचा, सगळ्यांना कळवायचा आणि मग सोडायचा. चालू सिस्टीममध्ये, लोक वापरत असताना, गुपचूप हात घालायचा नाही. असा हात कुणी घातला की रात्री तीन वाजता फोन येतो. खेळाचंही तसंच आहे, फक्त तिथे फोन येत नाही. माणसं गप्प निघून जातात.

हे फक्त गल्लीत होतं असं समजू नका. ७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीची फायनल, भारत विरुद्ध इराण. शेवटचं मिनिट जवळ आलेलं, गुण २८–२८. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला हात न लावताच लॉबीत गेला. त्याला धरायला इराणचे खेळाडूही मागोमाग लॉबीत गेले. आता बाद कोण? जुन्या नियमाने लॉबीत गेलेले सगळे बाद. प्रो कबड्डीत आलेल्या नव्या नियमाने फक्त चढाईला गेलेला बाद. आणि या मॅचला कोणता नियम, यावरच वाद पेटला. निर्णय फिरले, दोन्ही टीम मॅटवर बसून राहिल्या, जवळजवळ तासभर फायनल बंद. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने गेला, आपण ३३–२९ ने जिंकलो.

मीही त्या दिवशी घरात ओरडलो, आपलं सोनं आलं म्हणून. पण नंतर वाटलं, इराणच्या एखाद्या गावात बसून बघणाऱ्या पोराच्या मनात काय राहिलं असेल? आणि खरं सांगू, आपल्या मनात काय राहिलं? आपली पोरं एवढी तगडी खेळली आणि लोकांच्या लक्षात राहिला तो तासभराचा गोंधळ. दोन्हींपैकी कोणताही नियम चालला असता. लीगसाठी एक नियम, देशासाठी दुसरा, आणि तिथे नेमका कोणता यावर एकमत नाही, याने सगळी माती केली. आमच्या त्या कॅप्टनचं वाक्य आशियाई फायनललाही लागू पडतं. पयले सांगाचा होता ना.

आता दुसरी गोष्ट, मैदानात कुणाला येऊ द्यायचं. माझ्या समितीने जे केलं, तेच युरोपातल्या बारा मोठ्या फुटबॉल क्लबांनी एप्रिल २०२१ मध्ये करायचा प्रयत्न केला. 'सुपर लीग' काढली. वीस टीमची लीग, त्यातल्या पंधरा जागा मोठ्या क्लबांसाठी कायमच्या राखीव. जिंका, हरा, जागा पक्की. कारण? लोकांना मोठ्या टीमच्या मॅच बघायला आवडतात. हिशेब अगदी आमच्या मंडपामागचाच होता, फक्त चहाऐवजी अब्जावधी युरो होते. आणि गंमत अशी की ज्या प्रेक्षकांच्या नावाने हे केलं, त्याच क्लबांचे प्रेक्षक रस्त्यावर आले. दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब बाहेर पडले. आपली टीम जिंकावी असं प्रेक्षकाला वाटतं, पण ती हरू शकत नसेल तर तिच्या जिंकण्यात त्याला चव राहत नाही.

हे आपण विदर्भवाल्यांनी तर विसरूच नये. आपली विदर्भाची टीम रणजी खेळायला लागली १९५७-५८ च्या मोसमात. पहिल्यांदा रणजी जिंकली कधी? २०१७-१८ ला. साठ वर्षं! या साठ वर्षांत कुणी जर म्हटलं असतं, विदर्भाची मॅच बघायला कोण येतं, काढा यांना, मुंबई-दिल्लीच्या दोन टीम जास्त घ्या, पब्लिक येईल, तर? पैशाच्या हिशेबात ते बरोबर ठरलं असतं. आणि मग १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला नऊ विकेटने हरवून चषक उचलणारा आपला कॅप्टन फैज फझल आपल्याला बघायलाच मिळाला नसता. पुढच्या वर्षी परत जिंकलो, कॅप्टन तोच. २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. ती तिसरी फायनल जामठ्याला केरळविरुद्ध झाली आणि अनिर्णित राहिली. पहिल्या डावात आपल्या ३७९, त्यांच्या ३४२. त्या ३७ धावांच्या आघाडीवर चषक आपला. पाच दिवस खेळून ३७ धावांचा फरक. रीलमध्ये बसत नाही हे. पण तो फरक कुणी मंडपामागे बसून ठरवलेला नव्हता, म्हणून त्याला किंमत आहे.

आणि आपल्या जिल्ह्याचाच एक माणूस घ्या. पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार. उजव्या हाताने ऑफस्पिन, डाव्या हाताने डावखुरी फिरकी, दोन्ही हातांनी टाकणारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटकं टाकली. चार षटकं, चारही निर्धाव, शून्य धावा, दोन विकेट. ट्वेंटी-२० मध्ये असं त्याआधी कुणीच केलं नव्हतं. चोवीस चेंडू आणि एकही धाव नाही. ट्वेंटी-२० चौकार-षटकारांसाठी काढलेला खेळ, आणि त्यातला हा विक्रम एकही धाव न देण्याचा! यापेक्षा मोठी करमणूक कोणती?

पण त्याच मॅचची दुसरी बाजू पण सांगतो. विदर्भाने २२२ केल्या आणि मणिपूर ५५ वर सगळे बाद. १६७ धावांनी मॅच संपली. ईशान्येकडच्या मणिपूरसारख्या राज्यांच्या टीमना २०१८-१९ पासून देशाच्या स्पर्धांत जागा मिळायला लागली, तेव्हा कितीतरी लोक म्हणाले, अशा एकतर्फी मॅच कोण बघणार? मला वाटतं, हा प्रश्न विचारायचा हक्क सगळ्यात कमी कुणाला असेल तर तो विदर्भाला. आज मणिपूर जिथे उभं आहे, तिथे आपण कित्येक वर्षं उभे होतो. त्यांना साठ वर्षं लागू नयेत एवढीच दुआ करू.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. नियम आधी सांगितला, सगळ्यांना सारखा लावला, तरी तो वाईट असू शकतो का? असू शकतो. आयपीएलचा 'इम्पॅक्ट प्लेयर' घ्या. आधी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत वापरून बघितला आणि २०२३ पासून आयपीएलमध्ये आणला. एक बॅट्समन जास्त घेता येतो, मग धावांचा पाऊस. लोकांना मजा येते. पण एप्रिल २०२४ मध्ये रोहित शर्मा उघड बोलला की हा नियम त्याला पटत नाही. त्याचं म्हणणं असं की क्रिकेट अकरा जणांचा खेळ आहे, आणि या नियमाने ऑलराउंडर मागे पडतात. शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदर यांना बॉलिंगच मिळत नाही. म्हणजे बघा, नियम सगळ्यांना सारखा आहे, बेइमानी काही नाही, पण एक आख्खं कौशल्य त्याने कमी भावाचं केलं. बोर्डाने २०२४-२५ ला मुश्ताक अली स्पर्धेतून तो काढून टाकला, आयपीएलमध्ये ठेवला. यातून मी एवढंच घेतो की नवा नियम करताना एक प्रश्न विचारायचा. या नियमाने खेळातलं कोणतं कसब जास्त दिसेल आणि कोणतं मरेल? 'डू ऑर डाय'ने हिंमत दिसली. इम्पॅक्ट प्लेयरने दोन्ही कामं येणारा माणूस बाकावर बसला. दोन्ही नियम करमणुकीसाठीच केलेले.

आणि पूर्ण करमणूकच करायची असेल तर तीही करा, फक्त तसं सांगून. लहानपणी आपण सगळे डब्ल्यूडब्ल्यूएफ बघायचो, अंडरटेकरचे पत्ते जमवायचो. ते खोटं आहे कळल्यावर मी दोन दिवस जेवलो नव्हतो. पण त्यांनी तर १९८९ लाच अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं होतं की आमचा हा करमणुकीचा कार्यक्रम आहे. म्हणजे ते आपल्यापेक्षा प्रामाणिक निघाले. आपल्याकडे आखाड्यात ठरवून केलेल्या कुस्तीला एक शब्द आहे, नुरा कुस्ती. दंगलीतल्या प्रेक्षकाला नुरा कुस्तीचा वास लगेच येतो आणि मग तो पहिलवानाचं नाव काढायचं सोडतो. आमच्या टूर्नामेंटची त्या रात्री नुरा कुस्ती झाली होती, आणि वर लाइव्हवर आम्ही तिला 'थरारक सामना' म्हणत होतो. ते शब्द स्क्रीनवर मीच टाइप केले होते.

आता तुम्ही म्हणाल, गल्लीतल्या टूर्नामेंटचं एवढं काय मनाला लावून घेतो हा माणूस? सांगतो.

आपल्या मोहल्ल्यातल्या पोराकडे काय असतं? वशिला नसतो. काका मंत्रालयात नसतो. मुलाखतीला गेलो तर आडनावाकडे बघून समोरचा काय विचार करेल, हे कोडं घेऊनच आपण खुर्चीत बसतो. मीही बसलोय. अशा पोरासाठी धावफलक ही एकच जागा अशी आहे जिथे त्याचं नाव त्याने काय केलं यावरून लिहिलं जातं. अक्षयच्या नावापुढे चार षटकं शून्य धावा लिहिलं गेलं ते पांढरकवडा मोठं शहर आहे म्हणून नाही. फैज फझलला भारताकडून एकच वन डे मिळाली, जून २०१६, हरारे, नाबाद ५५. त्यानंतर परत बोलावणं आलं नाही. पण त्या ५५ पुढचं 'नाबाद' कुणी पुसू शकत नाही, आणि विदर्भाच्या दोन चषकांवरचं कॅप्टनचं नावही नाही. म्हणून मला वाटतं, गुणवत्तेची काळजी सगळ्यात जास्त कुणी करायची, तर ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांनी. म्हणजे आपण. आपणच जर धावफलकापेक्षा ओळख मोठी केली, तर उद्या बाहेर कुठल्या तोंडाने न्याय मागणार?

आणि आपण काय करतो? गावोगावी आता 'प्रीमियर लीग' निघाल्यात. लिलाव होतो, फेटे बांधतात, मालक टेबलावर बसतात. हौस आहे, करा. पण मालकाचा भाचा 'आयकॉन प्लेयर' म्हणून टीममध्ये आणि चांगला बॉलर अनसोल्ड, कारण त्याच्या रील्स नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या अनसोल्ड पोराला आपण मोहल्ल्यातच काय शिकवलं? बाहेर जे होतं तेच घरातही होतं, हेच ना?

आणखी एक. इथे बहिणी बसल्या आहेत म्हणून नाही, खरंच बोलतोय. आमच्या टूर्नामेंटमध्ये मुलींचं काम काय होतं? बक्षिसाचं ताट धरून उभं राहणं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८–४० ने हरवलं. कॅप्टन प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. जिल्हा परिषदेच्या आणि उर्दू शाळांच्या मैदानात ज्या पोरी खो-खो खेळतात, त्या आठवीनंतर कुठे जातात? गुणवत्ता मोजायची तर आधी सगळ्यांना मैदानात येऊ द्यावं लागतं. ज्यांना आपण येऊच दिलं नाही, त्यांच्याविरुद्ध आपण जिंकलेलो नसतो.

आता त्या भांडणाचा निकाल. पोरांनो, दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या बरोबर आहेत. पब्लिक आणायचं तर आणा. दिवे लावा, चांगला कॉमेंट्रीवाला बोलवा, कव्वाली लावा, मॅच आठऐवजी सहा षटकांची करा, सिक्सला बाजूचं बक्षीस ठेवा, लाइव्ह मी करून देतो. हे सगळं रंगवा. पण कोण खेळणार, कोण पुढे जाणार आणि कोण जिंकणार, इथे पब्लिकचा, शेठचा आणि माझ्या मोबाइलवरच्या आकड्याचा हात लागू देऊ नका.

आणि ज्यांना वाटतं की याने धंदा बसेल, त्यांना आमचा हिशेब सांगतो. त्या जोरदार फायनलनंतरच्या वर्षी आम्ही नोंदणी उघडली. सोळाऐवजी नऊ टीमची नावं आली. खेड्यातली एकही टीम नाही. कुणी तक्रार केली नाही, कुणी व्हॉट्सॲपवर भांडलं नाही. नुसते आले नाहीत. मॅच कमी झाल्या, रात्री कमी झाल्या, बाहेरचा तो बॅट्समनही जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या टूर्नामेंटला गेला. खुर्च्या रिकाम्या राहू नयेत म्हणून जे केलं, त्यानेच पुढच्या वर्षी खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

मागच्या महिन्यात मी गाडी काढली आणि त्या खेड्यात गेलो. कॅप्टन वावरात होता, कापूस वेचणी चालू होती. आधी त्याने ओळखलं नाही, मग ओळखलं. मी माफी मागितली. तो ओशाळला. म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, जुनी गोष्ट आहे." मी विचारलं, या वर्षी येणार का? त्याने पाठीवरचं गाठोडं खाली ठेवलं. म्हणाला, "कागदावर लिहून पाठवा. मग येतो."

मी तिथेच धुऱ्यावर बसून मोबाइलवर लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. सगळे नियम नोंदणीच्या दिवशीच लिहून द्यायचे आणि मंडपाच्या खांबाला लावायचे. पहिला चेंडू पडल्यावर कुणीही, शेठ असो की समिती, त्यात अक्षर बदलणार नाही. अंपायर दोन्ही टीमच्या संमतीचा. ड्रॉ सगळ्यांसमोर, चिठ्ठ्या टाकून. आणि वाद झाला तर खांबावरचा कागद वाचायचा.

त्याने एक ओळ वाढवायला सांगितली. एका टीमला एका रात्री एकच मॅच. म्हणाला, "सकाळी कामाले जा लागते." ती ओळ आमच्या पाच जणांपैकी एकालाही सुचली नव्हती. मी ती सगळ्यात वर घेतली.

तो कागद आज माझ्या खिशात आहे. भाषण संपलं की ज्यांना टूर्नामेंट घ्यायची आहे त्यांनी माझ्याकडे या. फोटो काढून घ्या, तुमच्या गावाच्या हिशेबाने बदल करा, पण बदल पहिल्या चेंडूच्या आधी करा. मुलींच्या खो-खोसाठीही असाच कागद करायचा आहे, त्याला दोन बहिणी पुढे आल्या तर बरं होईल.

खुदा हाफिज. जय हिंद.